नेलला सगळं येत होतं: पहिल्या शीपडॉग ट्रायलला उतरताना

वेल्समधल्या पॉविस परगण्यात मी चौदा वर्षं नर्स म्हणून काम करते. माहेर माण तालुक्यातलं, त्यामुळं मेंढरं मला नवीन नव्हती. त्यांना वळवणारं कुत्रं मात्र नवीन होतं. आमच्याकडं सुगी उरकली की लेंडीखतासाठी रानात धनगरांची मेंढरं बसवायचे. त्यांची कुत्री रात्रभर वाघुरीभोवती, म्हणजे मेंढरांच्या जाळीच्या कुंपणाभोवती, जागायची, ती लांडग्याच्या भीतीनं. मेंढरं हाकायचं काम माणसांचं, तोंडानं आणि काठीनं. इथली बॉर्डर कॉली पाहिली तर तिची चालच लांडग्याची: मान खाली, पोट गवताला टेकलेलं, नजर मेंढरावर रोखलेली. शिकारीतला शेवटचा घास तेवढा पिढ्यानपिढ्या निवड करून मागं पाडलाय. हे डोक्यात बसलं की पुढचं निम्मं समजतं. कुत्रं मेंढरांवर दाब टाकत असतं. तो कुठून टाकायचा, किती अंतरावरून, किती वेगानं, एवढाच सगळा खेळ.

शेजारच्या फार्मवर एक म्हातारे गृहस्थ आहेत. मी त्यांना मनातल्या मनात आजोबाच म्हणते. गुडघे गेल्यावर त्यांनी त्यांची सहा वर्षांची नेल मला दिली आणि वर म्हणाले, "हिला सगळं येतं. तू मध्ये पडू नकोस." त्या वाक्याचा अर्थ कळायला मला दोन ट्रायली लागल्या. ट्रायल म्हणजे स्पर्धा: माणसाच्या हुकमावर कुत्र्यानं चार-पाच मेंढरं ठरल्या वाटेनं आणायची, न्यायची आणि वाड्यात घालायची.

तर पहिला सल्ला हाच. पहिल्यांदा उतरणार असाल तर शिकलेलं, जरा वय झालेलं कुत्रं घ्या किंवा मागून घ्या. पिल्लू आणून दोघांनी मिळून शिकू, ही कल्पना गोड असते, पण तिची किंमत मेंढरं मोजतात. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, अशी गत होते. दोघांपैकी एकाला तरी काम यायला हवं.

उतरायची वेळ आली हे कसं ओळखायचं? माझे निकष साधे आहेत. मेंढरं पळत असताना, दोनशे मीटरवरून, एकाच हाकेत कुत्रं थांबतं का? तेवढ्याच अंतरावरून ते मेंढरं सरळ तुमच्याकडं आणतं का? आणि तुमच्यापासून शंभर मीटर दूर, दोन्ही बाजूंना, त्यांना हाकत नेतं का? हे घरच्या मेंढरांवर जमलं तर अजून काहीच जमलेलं नाही. घरची मेंढरं कुत्र्याला ओळखतात, फाटकाचा रस्ता त्यांना पाठ असतो. निदान तीन वेगळ्या रानांत, अनोळखी मेंढरांवर सराव करा. इथल्या डोंगरातली वेल्श माउंटन मेंढी अंगानं लहान आणि चपळ. कुत्रं वीस पावलं लांब असतानाच ती निघते. खालच्या कुरणातली टेक्सेल जातीच्या रक्ताची जडशीळ मेंढी पाय रोवून उभी राहते आणि कुत्र्याकडं बघत बसते. एकीसाठी कुत्र्याला लांब ठेवावं लागतं, दुसरीसाठी जवळ आणावं लागतं.

आता हुकूम. डाव्या-उजव्याचे दोन: 'कम बाय' म्हणजे मेंढरांभोवती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं, 'अवे' म्हणजे उलट. इथले लोक इंग्रजी आद्याक्षरांवरून लक्षात ठेवतात: सी म्हणजे क्लॉकवाइज, ए म्हणजे अँटिक्लॉकवाइज. आपल्याकडं त्याहून पक्कं साधन आहे. कम बाय म्हणजे प्रदक्षिणा, अवे म्हणजे उलटी प्रदक्षिणा. देव म्हणजे मेंढरं. हे गमतीत सांगत नाही, याच्यावाचून माझं चालत नाही. कारण 'डावीकडं, उजवीकडं' असा विचार केलात की गोंधळलात. कुत्रं मेंढरांच्या पलीकडं असतं, मेंढरं तुमच्याकडं येत असतात आणि ती तुमच्या उजव्या हाताला सरकायला लागतात. कुत्र्यानं उजव्या बाजूला येऊन त्यांना आत दाबायला हवं, म्हणजे कम बाय. तीच मेंढरं तुमच्यापासून दूर जात असताना, कुत्रं तुमच्या आणि त्यांच्या मध्ये असताना, उजवीकडं सरकली तर हुकूम अवे. दोन्ही वेळा कुत्रं तुमच्या उजव्या हातालाच जाणार, पण हुकूम उलटे. स्वयंपाकघरात ओट्यावर पाच वाटाणे मेंढरं म्हणून ठेवा, एक शेंगदाणा कुत्रं. मी आठवडाभर तेच केलं. नवरा विचारायचा, भाजी कधी होणार.

बाकीचे हुकूम थोडे: 'लाय डाउन' म्हणजे थांब किंवा बस, 'वॉक अप' म्हणजे सरळ मेंढरांकडं चाल, 'स्टेडी' म्हणजे हळू, 'दॅट'ल डू' म्हणजे काम संपलं, परत ये. मराठीत हुकूम द्यावेत असं मला फार वाटत होतं. पण नेल इंग्रजी शिकून आली होती, आणि सहा वर्षांच्या कुत्रीची भाषा बदलण्यापेक्षा मी माझा उच्चार सुधारणं सोपं होतं. माझा 'अवे' तिला पहिला महिनाभर 'ए वेडे'सारखा ऐकू जात असावा. ती थांबून बघायची. शिट्टी आली की हा प्रश्न मिटतो. मेंढपाळाची शिट्टी म्हणजे दुमडलेल्या पत्र्याची चकती. ती तोंडात धरून फुंकायची. पहिले दोन आठवडे नुसती हवा आणि लाळ. गाडी चालवताना सराव करा, पण कुत्रं गाडीत नसताना. मागच्या सीटवर बिचारं उगाच उठबस करत राहतं.

नाव देण्याआधी वेळापत्रक नीट वाचा. 'नवशिक्यांचा वर्ग' याचा अर्थ गावोगाव वेगळा असतो. कुठं कुत्र्यानं खुल्या गटात आजवर जिंकलेलं नसावं अशी अट असते, कुठं माणूस नवा असावा लागतो. हिवाळ्यात 'नर्सरी' ट्रायल होतात, त्या तरुण कुत्र्यांसाठी. गावच्या ट्रायलला कुत्र्याची आंतरराष्ट्रीय शीपडॉग सोसायटीत नोंद लागत नाही, राष्ट्रीय पातळीला लागते. ही सोसायटी १९०६ सालची. आजोबांना मात्र ती नवीनच वाटते, कारण ब्रिटनमधली नोंद असलेली पहिली ट्रायल त्याआधी, १८७३ च्या ऑक्टोबरात, वेल्समधल्या बाला गावी झाली. ती जिंकली वेल्समध्ये राहणाऱ्या एका स्कॉटिश माणसानं, ट्वीड नावाच्या कुत्र्याबरोबर. दीडशे वर्षं होऊन गेली तरी आजोबांच्या तोंडी यातला 'स्कॉटिश' हा शब्द जरा कडवट येतो. २००२ मध्ये पहिली जागतिक ट्रायल बालालाच भरली, तेव्हा कुठं हिशेब थोडा फिटला.

जायच्या आधी कुत्र्याला पट्टकृमीवरचं औषध दिलेलं असू द्या. कुत्र्याच्या विष्ठेतून मेंढरांत आणि माणसांत जाणारे जंत असतात, त्यांनी यकृतात पाण्याच्या गाठी होतात. दुसऱ्याच्या कुरणात कुत्रं नेताना हे न पाहणं म्हणजे चिखलाच्या चपलांनी देवघरात जाणं.

ट्रायलच्या दिवशी लवकर पोचा. नाव लिहून, थोडी फी रोख देऊन लगेच गाडीत बसू नका. कुंपणाशी उभं राहून निदान पाच-सहा जणांच्या धावा बघा. बघायचं काय, तर कुत्री नव्हे, मेंढरं. प्रत्येक कुरणाला एक ओढ असते. मेंढरांना माहीत असतं, बाकीचा कळप कुठं आहे, आपलं नेहमीचं फाटक कुठं आहे. सोडलेली चार-पाच मेंढरं संधी मिळाली की तिकडंच सरकतात. आमच्या शेजारच्या खोऱ्यातलं कुरण घ्या. तिथं धाव संपलेली मेंढरं उजव्या कोपऱ्यातल्या वाड्यात ठेवतात. त्यामुळं प्रत्येक नवी टोळी अर्ध्या वाटेवर आली की उजवीकडं झुकतेच. हे आधी पाहिलंत तर तुम्ही हुकूम दोन सेकंद आधी द्याल. नाही पाहिलंत तर दोन सेकंद उशिरा, आणि तोवर मेंढरं कोपऱ्यात.

आणखी एक गोष्ट बघून ठेवा: मेंढरं तुमच्यासमोरून आडवी हाकायची असतात त्या रेषेवरचं लांबचं फाटक. लांबून ते असतं त्यापेक्षा जवळ वाटतं. बहुतेक नवशिके मेंढरं फाटकाच्या अलीकडूनच काढतात आणि न्यायाधीशाला वेडं समजतात. दुसऱ्या कुणाची मेंढरं फाटकातून नीट गेली, तेव्हा त्यांच्या मागं काय होतं ते टिपा. माझ्यासाठी ते गॉर्सचं एक पिवळं झुडूप होतं. मेंढरं झुडपाच्या खाली दिसली की वळवायची.

गुणांचं गणित थोडक्यात सांगते. पूर्ण ट्रायल १०० गुणांची: आउटरन (कुत्र्यानं वळसा घालून मेंढरांच्या मागं जाणं) २०, लिफ्ट (मेंढरं जागची हलवणं) १०, फेच (ती तुमच्याकडं आणणं) २०, ड्राइव्ह (तुमच्यापासून दूर हाकत नेणं) ३०, पेन (छोट्या वाड्यात घालणं) १० आणि शेड १०. शेड म्हणजे कळपातून ठराविक मेंढरं वेगळी काढणं. नवशिक्यांना ते बहुतेकदा नसतं, म्हणून आमची ९० ची. काही ठिकाणी ड्राइव्हही आखूड करतात. तुमचे गुण आधी पूर्ण धरलेले असतात आणि प्रत्येक चुकीला कापले जातात. सासरी नवीन सून असते तसं.

कुरणात रोवलेल्या खुंटाशी उभं राहायचं, कुत्रं शेजारी. मेंढरं समोर लांब, वरच्या अंगाला, कुणीतरी धरून ठेवलेली. निघण्याआधी कुत्र्याला ती दिसली आहेत याची खात्री करा. ते कान टवकारून एका जागी बघतंय का? मग त्याच्या चांगल्या बाजूनं सोडा. प्रत्येक कुत्र्याची एक बाजू जरा बरी असते. नेलची कम बाय. आउटरनचा आकार भरताच्या वांग्यासारखा हवा: देठ तुमच्याकडं, फुगीर भाग मेंढरांच्या मागं. कुत्रं मध्येच तुमची-मेंढरांची रेषा ओलांडून दुसऱ्या बाजूला गेलं तर वीसातले बहुतेक गुण गेले. पण वाटेत हाक मारून दुरुस्त केलंत तरी गुण जातात.

इथंच माझं पहिल्या वेळी वाटोळं झालं. नेल सुंदर निघाली होती. अर्ध्यात एक घळ आहे, तिथं ती दिसेनाशी झाली. मला वाटलं, ही आता मधून घुसणार. मी ओरडले, "कम बाय!" ती घळीतून वर आली, थांबली, वळून माझ्याकडं पाहिलं. 'करतेच आहे ना?' असं ते तोंड. मी पुन्हा ओरडले. ती फार बाहेर गेली. मग तिसरी हाक, आत बोलवायला. तोवर वरच्या माणसानं धरलेली मेंढरं चुळबुळायला लागली होती. पुढं फेचमध्ये मी इतकं बोलले की नेलनं ऐकणंच सोडलं, आणि त्यात तिची चूक नव्हती. मेंढरं उजव्या कोपऱ्यातल्या वाड्याकडं गेली आणि फळ्यांना नाकं लावून उभी राहिली. मी हात वर करून माघार घेतली.

माघार घ्यायला लाजू नका. मेंढरं दमत असतील, कुत्रं भांबावलं असेल, तर 'रिटायर' म्हणून हात वर करणं हे शहाणपणाचं मानतात. त्याउलट कुत्र्यानं मेंढराला दातानं धरलं तर न्यायाधीशाच्या गाडीचा हॉर्न वाजतो किंवा "थँक यू!" अशी हाक येते. त्याचा अर्थ आभार नाही, घरी जा. चार वर्षांत मी तीनदा ऐकलंय, दोनदा दुसऱ्यांसाठी.

त्या दिवशी आजोबांनी काही विचारलं नाही. संध्याकाळी मला कुरणात नेलं, शिट्टी काढून घेतली आणि म्हणाले, "कुत्री सोड आणि तोंडात हा बटाटा धर." खरोखर उकडलेला बटाटा होता. नेल गेली, वळसा घातला, मेंढरांच्या मागं आली, थांबली. मेंढरांनी माना वर केल्या. तिनं दोन पावलं टाकली, मेंढरं निघाली, सरळ माझ्याकडं. ही लिफ्ट. दहाच गुण असतात तिला, पण मेंढरांची आणि कुत्र्याची ती पहिली भेट. ती शांत झाली तर पुढची दहा मिनिटं शांत जातात. बटाटा तोंडात असल्यामुळंच मला ती नीट दिसली.

म्हणून सरावात हे करा. पूर्ण फेच एकही शब्द न बोलता होऊ द्या आणि कुत्रं स्वतःहून कुठं चुकतं ते मोजा. नेल पाचात एकदा चुकायची. मी बोलत असताना पाचात चारदा. हुकूम द्यायचा तर मेंढरांच्या माना बघून द्या. मेंढराचं नाक ज्या दिशेला वळतं तिकडं ते पुढच्या क्षणी जाणार असतं. शरीर वळल्यावर दिलेला हुकूम शिळा.

फेचच्या रेषेवर सात यार्डांचं, म्हणजे एकवीस फुटांचं फाटक असतं: दोन हर्डल, म्हणजे कुंपणाचे सुटे तुकडे, मध्ये मोकळी जागा. हुकलं तर परत वळवून आणू नका. दुसरी संधी नसते, सरळ रेषा धरून पुढं चला. मेंढरं तुमच्या मागून खुंटाला वळसा घालतात आणि ड्राइव्ह सुरू होते. कुत्र्याला जन्मजात वाटत असतं की मेंढरं मालकाकडं आणावीत. इथं त्याला ती मालकापासून दूर न्यायची असतात. म्हणून ते सारखं पुढं पळून मेंढरांना परत फिरवू पाहतं. 'लाय डाउन' पक्कं असेल तरच इथं टिकाव लागतो. थांबव, चार श्वास मोज, 'वॉक अप'. मेंढरांची चाल चालण्याची राहिली पाहिजे, धावण्याची नाही.

शेवटचं पेन. खुंट सोडून तुम्ही पेनच्या छोट्या वाड्याकडं चालत जाता, फाटक उघडता आणि त्याला बांधलेली सहा फुटांची दोरी हातात धरता. मेंढरं आत जाईपर्यंत दोरी सोडायची नाही. दुसऱ्या हातात काठी, ती हात लांब करायला. काठी मेंढराला लागली तर गुण गेले.

दुसऱ्या ट्रायलला मी इथवर पोचले. मेंढरं पाच. चार वाड्याच्या तोंडाशी, पाचवी, एक कान फाटलेली, जरा बाजूला, माझ्याकडं बघत. नेल दहा पावलांवर बसलेली. मला माण आठवलं. तिन्हीसांजेला धनगरणी मेंढरं वाघुरीत घालायच्या तेव्हा मेंढरांच्या अंगावर कुणी जात नसे. तोंडानं बारीक आवाज आणि खूप वेळ नुसतं उभं राहण्याची तयारी. मी काठी खाली आणली. फाटक्या कानाचीनं मान खाली घातली, जमीन हुंगली. दोन मेंढरं आत गेली. तिनं एक खूर उचलला. मला धीर धरवेना, मी म्हणाले, "वॉक अप." नेल उठली, एकच पाऊल टाकलं, आणि फाटक्या कानाची माझ्या गुडघ्याजवळून अशी सटकली की बाकीच्या चारही तिच्यामागं वाड्याला वळसा घालून पलीकडं. त्यांना परत आणेपर्यंत वेळ संपली. दोरी हातात तशीच.

आउटरन १८, लिफ्ट ८, फेच १४, ड्राइव्ह १५, पेन शून्य. नव्वदात पंचावन्न, एकवीस जणांत चौदावी. आजोबा कागद बघून म्हणाले, "आउटरन अठरा." बाकीचं त्यांनी वाचलंच नाही.

धाव संपली की कुत्र्याला बोलावून निघून जाऊ नका. मेंढरं शांतपणे कोपऱ्यातल्या वाड्यात पोचवायचं काम बहुतेक ठिकाणी तुमचंच असतं, आणि पुढच्याची मेंढरं त्याच्याआधी सोडली जात नाहीत. मग कुत्र्याला पाणी. फार दमलेलं असेल तर आधी सावलीत चालवा. त्यानंतर आयोजकांना विचारा, वरच्या अंगाला मेंढरं धरायला कुणी हवंय का. नेहमी हवंच असतं. तिथून वीस-पंचवीस कुत्री तुमच्या दिशेनं येताना दिसतात. कुठलं आत घुसतंय, कुठलं मागं नीट खोल जाऊन थांबतंय, हे खुंटापासून कधीच कळलं नसतं. जेवणाचा डबा, रेनकोट आणि जास्तीचे मोजे बरोबर न्या, तीन-चार तास जातात.

घरी आल्यावर कुत्र्याचे पंजे बघा, बोटांच्या मधली जागा खास करून. गॉर्सचे काटे बारीक असतात आणि कामाच्या नादात कुत्री लंगडत नाहीत, लंगडतात ती दुसऱ्या दिवशी. त्या रात्री चिमटा घेऊन मी नेलचा पुढचा डावा पंजा मांडीवर घेतला. पहिला काटा काढला तेव्हा तिनं डोळे किलकिले केले. दुसरा निघेपर्यंत ती घोरत होती.